कुणी सांगितले नसताना

मराठी विकिपीडियावर एखाद्या लहान गावाचा लेख उघडून पाहावा. बहुधा तो पाच-सात ओळींचाच असतो. तालुका, जिल्हा, क्षेत्रफळ किती हेक्टर, २०११ च्या जनगणनेनुसार कुटुंबे किती, लोकसंख्या किती, एवढे सांगून झाले की लेख संपतो. कारण असे कितीतरी लेख जनगणनेच्या आकड्यांवरून एकाच साच्यात तयार झाले आहेत. पण लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असे लिहिलेले असते. त्यावर टिचकी मारली की लेखात आजवर झालेला एकेक बदल तारीख-वेळेसकट समोर येतो. तिथे भेटणारी माणसे लेखापेक्षा कितीतरी जिवंत असतात. रात्री दीड वाजता कुणीतरी ‘पिक’चे ‘पीक’ करून गेलेले असते. कुणी गावालगतच्या ओढ्याचे नाव घातलेले असते. कुणी ग्रामदैवताच्या यात्रेची तिथी लिहितो, दुसरा कुणी ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारतो, आणि महिन्याभराने तिसराच कुणी तो संदर्भ शोधून आणून देतो. हे तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना हे काम कुणी दिलेले नाही, त्याचा मोबदला कुणी देणार नाही, आणि लेख वाचणारे बहुतेक जण इतिहासाचे पान उघडून त्यांची नावेही पाहणार नाहीत.

मग ही माणसे हे का करतात? या पुस्तकाचा विषय हा आहे. विकिपीडियापुरता तो अर्थातच नाही. पाककृतीत मीठ किती हे अनोळखी मुलीला समजावून सांगणारी बाई, अंगणातल्या चिमण्या मोजून त्यांची यादी पाठवणारा निवृत्त शिक्षक, दुसऱ्याच्या संगणकाचा बिघाड हजार मैलांवरून सोडवणारा तरुण, या सगळ्यांना तोच प्रश्न लागू आहे.

नेहमी ऐकू येणारी उत्तरे तीन. रिकामा वेळ आहे म्हणून, नाव व्हावे म्हणून, लोकसेवा म्हणून. पहिल्याने काहीच उलगडत नाही. रिकामा वेळ घालवायला याहून सोपे मार्ग आज प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि जनगणनेच्या तक्त्याशी झटापट करणे हा काही आरामाचा प्रकार नव्हे. दुसरे उत्तर थोडेफार खरे आहे, पण यातले निम्मेअधिक लोक टोपणनावाने वावरतात, त्यांच्या शेजाऱ्यालाही पत्ता नसतो. तिसरे उत्तर बाहेरचे लोक देतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारा, तो लोकसेवा हा शब्द उच्चारायलाही संकोचतो.

माझे मत असे आहे की माणसाला आपला कुणाला तरी उपयोग व्हावा असे वाटते, आणि तो झाल्याचे आपल्याला कळावे असेही वाटते. पहिल्या इच्छेबद्दल बरेच लिहिले गेले आहे. दुसऱ्या इच्छेकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. जालावरचे समूह जगतात की मरतात हे मात्र तिच्यावर ठरते, असे मला अनेक ठिकाणचे व्यवहार पाहून वाटू लागले आहे.

विकिपीडियाच्या जन्माचीच गोष्ट घ्या. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांनी ‘न्यूपीडिया’ नावाचा मोफत ज्ञानकोश जालावर सुरू केला. लॅरी सँगर त्याचे मुख्य संपादक. लेखक शक्यतो आपापल्या विषयातले तज्ज्ञ असावेत आणि प्रत्येक लेखाने तपासणीचे सात टप्पे ओलांडावेत, असा नियम होता. हेतू उत्तम, माणसे विद्वान. पण पहिल्या वर्षात दोन डझन लेखही पुरे झाले नाहीत. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ‘विकी’ हा प्रकार तयार केला होता. त्यात पान वाचणाऱ्यालाच ते बदलताही येत असे. न्यूपीडियासाठी कच्चे लेख जमावेत म्हणून त्याच पद्धतीने १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू करण्यात आला. जोडीला म्हणून काढलेल्या या उपक्रमात वर्षभरात सुमारे २० हजार लेख झाले. न्यूपीडिया २००३ मध्ये बंद पडला.

यावरून सहसा असे सांगतात की दार सर्वांना उघडे ठेवले म्हणून लोक आले. ते खरेच आहे, पण त्याने सगळा खुलासा होत नाही. न्यूपीडियाच्या तज्ज्ञाने लेख पाठवला की तो टप्प्याटप्प्याने पुढे सरकत राही आणि लेखक वाट पाहत बसे. विकीवर लिहिलेली ओळ त्याच क्षणी पानावर दिसे, आणि थोड्याच वेळात कुणी तरी तिला हात लावी. खोडी, वाढवी, भांडे, कधी सुधारून देई. आपण लिहिलेले कुणीतरी वाचले याचा याहून पक्का पुरावा दुसरा कोणता? मला वाटते, त्या २० हजार लेखांमागे लगेच मिळणाऱ्या या जबाबाचा वाटा फार मोठा आहे.

मराठीला ज्ञानकोशाची ओढ जुनीच. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये पहिला खंड हाती आला. या दोन्ही कामांना कचेरी होती, संपादक होते, कुणी काय लिहायचे ते ठरवून देणारी यंत्रणा होती. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला यातले काहीच नव्हते. जी माणसे आली त्यांनीच घर लावून घेतले. गप्पा आणि वाद घालायच्या पानाला त्यांनी ‘चावडी’ म्हटले, सराव करायच्या पानाला ‘धूळपाटी’, आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘सांगकाम्या’ आणि व्यवस्था पाहणाऱ्या सदस्याला ‘प्रचालक’. ही नावे ठेवणाऱ्यांना हे काम परके वाटत नव्हते, हे उघड आहे. आजही तिथे नियमाने लिहिणाऱ्यांची संख्या मराठी बोलणाऱ्यांच्या मानाने फारच थोडी आहे, आणि मला त्याची खंत वाटते.

उपयोग झाल्याचे कळणे खरोखर एवढे महत्त्वाचे आहे का, याची एक कसोटी इतिहासाने आपोआप घेतली. ऑक्टोबर २००५ मध्ये चीनच्या सरकारने मुख्य भूमीवर चिनी विकिपीडिया बंद पाडला. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर आणि इतर देशांतल्या चिनी लेखकांना मात्र तो पूर्वीसारखाच खुला होता. त्यांना कसलीच आडकाठी नव्हती. झांग आणि झू या दोन संशोधकांनी या लोकांच्या लेखनाच्या नोंदी तपासल्या, त्यांचा निबंध २०११ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. बंदी येताच, ज्यांच्यावर बंदी नव्हती त्यांचेही लेखन सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटले होते.

या आकड्यावर थोडे थांबायला हवे. कारण अर्थशास्त्राचे साधे गणित याच्या नेमके उलट सांगते. हजारो लेखक एका दिवसात नाहीसे झाले, म्हणजे उरलेल्यांवर काम अधिक पडले, त्यांच्या एकेका ओळीची किंमत वाढली. दुसरे कुणी करीलच असे म्हणून गप्प बसण्याची सोय उरली नाही. तेव्हा लेखन वाढायला हवे होते. ते वाढले नाही, कारण लेखकांबरोबर कोट्यवधी वाचकही गेले होते. तैपेईत बसून एखाद्या चिनी नदीवर लिहिणाऱ्याला ठाऊक होते की त्या नदीकाठचा माणूस आता हे वाचू शकणार नाही. आणि त्याचा हात आखडला. संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: जे लोक चर्चेच्या पानांवर अधिक वावरत, माणसांशी अधिक बोलत, त्यांचे लेखन सर्वांत जास्त घटले. अज्ञात वाचकासाठी आपण लिहितो, त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, तरी तो आहे या भरवशावर केवढे काम चालते!

म्हणूनच जालावरच्या मूक वाचकांना हिणवणे मला पटत नाही. जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता: कोणत्याही समूहात शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून भर घालतात आणि एक जण बहुतेक सगळे काम करतो. मराठी संस्थळांवर या नव्वदांना ‘रोमात असलेले’ म्हणतात. वर्षानुवर्षे वाचणारे, कधीच प्रतिसाद न देणारे. त्यांना फुकटे समजणारे लोक आहेत. पण लेखाखालचा वाचनांचा आकडा हलतो तो त्यांच्यामुळे, आणि एखाद्या धाग्यावर पाच वर्षांनी अचानक एक जण उगवून ‘तुमच्या या लेखामुळे आईचे पथ्य नीट सांभाळता आले’ असे लिहितो, तोही त्यांच्यातलाच असतो. ते एक वाक्य लेखकाला पुढची कित्येक वर्षे पुरते.

कौतुकाचे मोजमापही झाले आहे. विकिपीडियावर सदस्य एकमेकांना ‘बार्नस्टार’ नावाचे चित्ररूपी पदक देतात, त्याची किंमत शून्य. रेस्टिव्हो आणि व्हॅन डी राइट यांनी इंग्रजी विकिपीडियावरचे सर्वांत सक्रिय असे २०० सदस्य निवडले आणि त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कुणालाही निवडून ही पदके दिली. पुढच्या तीन महिन्यांत पदक मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी अधिक भरले. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. आधीच भरपूर काम करणाऱ्या, मुरलेल्या माणसांवरही एका चित्राचा एवढा परिणाम होतो, तर नवख्याला ‘छान केलेत’ म्हटल्याने काय होत असेल?

आता मराठी संस्थळांकडे वळतो, कारण तिथला अनुभव थोडा वेगळा आणि मला अधिक जवळचा आहे. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू झाली. तेव्हा युनिकोड घरोघरी पोचलेले नव्हते; ईमेलमधून मराठी लिहायचे तर बहुतेक वेळा रोमन लिपीत, ‘kasa kay’ या थाटात लिहावे लागे, आणि फाँट जुळला नाही तर समोरच्याला नुसते चौकोन दिसत. एवढी यातायात करून माणसे लिहीत होती. पुढे ‘मनोगत’, ‘उपक्रम’, ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ अशी संस्थळे आली, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कुठे शुद्धलेखनाचा आग्रह, कुठे मोकळीढाकळी बैठक, कुठे वादाची खुमखुमी.

इथे येणाऱ्याला ज्ञानकोश भरायचा नव्हता. ओहायोच्या थंडीत एकटीने संसार मांडलेल्या मुलीला उकडीच्या मोदकाची पारी का फुटते, हे विचारायचे होते. आईला फोन लावला तर भारतात मध्यरात्र. तिने संस्थळावर विचारले. एकीने सांगितले की तिथल्या दुकानातले तांदळाचे पीठ जाडसर असते, उकड काढताना पाणी थोडे वाढव. दुसरीने सांगितले की जस्मिन तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर पीठ कर. तिसरीने तुपाचा हात लावून पारी कशी वळायची याचे फोटो टाकले. प्रश्न मोदकाचा होता आणि उत्तरेही मोदकाचीच होती. पण आपण विचारले तर इथे कुणीतरी आहे, ही खात्री त्या मुलीला मोदकांपेक्षा जास्त हवी होती. पुढच्या वर्षी गणपतीत तीच मुलगी दुसऱ्या नवखीला पिठाबद्दल सांगताना दिसते. असे धागे मराठी संस्थळांवर शोधायला लागत नाहीत, जागोजागी सापडतात. घेणारी देणारी कधी झाली, हे तिचे तिलाही कळत नाही.

टोपणनावाचा आयडी घेण्याने आणखी एक मोकळीक मिळते. घरात, नातेवाइकांत, कचेरीत जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येते. गर्भपाताचे दुःख, सासरचा जाच, मुलाचे स्वमग्न असणे, वडिलांचे विसरणे. मायबोलीवर ‘संयुक्ता’ नावाचा खास स्त्रियांचा गट आहे, तो याच गरजेतून टिकला असे मला वाटते. टोपणनावामागे लपून वाभाडे काढणारेही असतात आणि एकाच माणसाचे चार डूआयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडीही असतात. त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण येईल. इथे एवढेच नोंदवायचे आहे की हे सगळे पडद्यावरच राहत नाही. माणसे भेटतात. पुण्या-मुंबईपासून बे एरियापर्यंत ‘गटग’ म्हणजे गेट-टुगेदर होतात, पावसाळ्यात मायबोलीकरांचा वर्षाविहार म्हणजे ‘ववि’ निघतो, मुलाबाळांसकट लोक येतात. ज्याच्याशी आरक्षणावर रात्रभर भांडण झाले तो माणूस समोर उभा राहून पोहे घ्या म्हणतो, तेव्हा पुढचे भांडणही वेगळ्या सुरात होते.

यापेक्षा शांत समूह पक्षीनिरीक्षकांचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये ‘ईबर्ड’ सुरू केले. कुठे, केव्हा, किती वेळ आणि कोणते पक्षी पाहिले याची यादी कुणीही त्यात भरू शकतो. दर फेब्रुवारीत होणाऱ्या चार दिवसांच्या पक्षीगणनेत भारत २०१३ पासून सामील आहे. त्यासाठी पंधरा मिनिटे खिडकीत बसून कावळे, साळुंक्या, बुलबुल मोजले तरी चालते. अशा फुटकळ याद्यांचे काय होणार, असे कुणालाही वाटेल. पण त्यांच्याच आधारे २०२० मध्ये भारतातल्या ८६७ जातींच्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. त्यामागे १५,५०० पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी होत्या. २०२३ च्या अहवालात ९४२ जाती आल्या, निरीक्षक ३० हजारांवर गेले आणि नोंदी तीन कोटींवर. चिमण्या संपल्या असे आपण वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत होतो. २०२० च्या अहवालाने दाखवले की मोठ्या शहरांत त्या घटल्या आहेत, पण देशभराचा विचार केला तर त्यांची संख्या साधारण टिकून आहे. हे कुठल्याही एका शास्त्रज्ञाला एकट्याने फिरून कळणे शक्य नव्हते. आणि तिथेही जबाब आहेच. तुम्ही एखादा दुर्मीळ पक्षी नोंदवलात तर त्या भागातला, स्वतःही विनामोबदला काम करणारा तपासनीस तुम्हाला विचारतो: फोटो आहे का, पंखांवर पट्टा दिसला का, दुसरी अमुक जात नव्हे हे कशावरून? नवख्याला आधी याचा राग येतो. पण पुढे लक्षात येते की आपली नोंद कुणीतरी एवढ्या गांभीर्याने वाचली. मग पुढच्या खेपेला तो पट्टा नीट पाहूनच नोंद करतो.

हे सगळे समूह वर्षानुवर्षे टिकलेले. पण काही समूह चार आठवड्यांत उभे राहून विरूनही जातात, आणि त्यांत माणसे अधिक जीव ओतून काम करतात. एप्रिल-मे २०२१ चे दिवस आपण विसरलेलो नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन, खाटा, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा यांसाठी देशभर हाका चालल्या होत्या. फोन क्रमांकांच्या याद्या व्हॉट्सॲपवर, ट्विटरवर, इन्स्टाग्रामवर फिरत होत्या आणि त्यांतले बहुसंख्य क्रमांक लागत नव्हते. तेव्हा कॉलेजात जाणारी मुले, नोकरी सांभाळणाऱ्या बायका रात्ररात्र जागून ते क्रमांक एकेक करून लावत बसल्या. लागला की यादीत त्यापुढे लिहायचे: ‘व्हेरिफाइड, ११.४०, दोन सिलिंडर शिल्लक, आधार कार्ड घेऊन या’. तासाभराने पुन्हा फोन, पुन्हा वेळ बदलायची. संपले असेल तर ओळ खोडायची. त्या वेळेच्या आकड्यात सगळा जीव होता. जुनी माहिती पुढे ढकलली तर कुणाचा तरी मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला सिलिंडरसाठी धावत जाणार आणि हात हलवत परत येणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. लाट ओसरली तसे ते गट गप्प झाले. त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नाहीत.

याच फोनवर, याच व्हॉट्सॲपवर तीन वर्षांपूर्वी दुसरे काही घडले होते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकले. कित्येक दिवस आधीपासून अशा टोळ्या फिरत असल्याचे संदेश लोकांच्या फोनवर येत होते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

ही घटना या पुस्तकाच्या विषयाबाहेरची आहे, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांतले बहुतेक आईबाप होते. आपण इतरांना सावध करतो आहोत, आपला उपयोग होतो आहे, असेच त्यांना वाटत होते. सिलिंडरची यादी पुढे पाठवणाऱ्याच्या मनातही तेच होते. इच्छा एकच, मग एकीकडे जीव वाचले आणि दुसरीकडे गेले, ते का? पुढे ढकललेल्या संदेशाला लेखक नव्हता, तारीख नव्हती, ‘कशावरून?’ असे विचारायची जागा नव्हती, आणि चूक निघाली तर ती मागे फिरवायची सोय नव्हती. सिलिंडरच्या यादीत मिनिटांचा आकडा होता. गावाच्या लेखाला इतिहासाचे पान होते. पक्ष्याच्या नोंदीला तपासनीस होता. लोकांच्या चांगुलपणावर भिस्त ठेवून हे प्रश्न सुटत नाहीत, आणि लोकांच्या वाईटपणाला दोष देऊनही नाही. पाहावे लागते ते असे की त्या ठिकाणी उलट विचारणारे कुणी आहे का, आणि विचारलेले सर्वांना दिसते का.

उलट विचारण्याचीही एक रीत असते. ती चुकली की समूह आतून वाळतो. इंग्रजी विकिपीडियावर नियमाने लिहिणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये शिखराला पोचली आणि नंतर घसरत गेली. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा शोध घेतला. नासधूस करणारे वाढले म्हणून सदस्यांनी चटकन बदल उलटवणारी साधने तयार केली होती. त्या साधनांनी नासधूस आटोक्यात आली, पण चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांच्या पहिल्यावहिल्या ओळीही त्याच झपाट्याने उडवल्या जाऊ लागल्या, बहुधा ठरावीक नमुन्यातला इशारा देऊन. ती माणसे परत आली नाहीत.

मराठीत हे इशाऱ्याशिवायही होते. नंदुरबारकडचा एखादा मुलगा आपल्या गावच्या भोंगऱ्या बाजाराबद्दल चार परिच्छेद लिहितो. त्यात ‘पाणी’चे ‘पानी’ झालेले असते, काही ऱ्हस्व-दीर्घ हुकलेले असतात. पहिला प्रतिसाद येतो तो शुद्धलेखनाचा. दुसरा येतो तो पहिल्याला अनुमोदन देणारा. बाजारात होळीच्या आधी कोण कुठून येते, ढोल कसले वाजतात, हे जे त्याच्याशिवाय तिथे कुणालाच ठाऊक नव्हते, त्याबद्दल एक अक्षर नाही. शुद्धलेखन मलाही प्रिय आहे. पण ते पाचव्या प्रतिसादात सांगता येते, निरोपातून सांगता येते, किंवा गावाच्या लेखात रात्री दीड वाजता ‘पीक’ दुरुस्त करणाऱ्यासारखे न बोलता करूनही टाकता येते. मराठी संस्थळांवर शहरी, शिकलेल्या, ठरावीक घरांतल्या माणसांचाच राबता का राहिला, याचे मला सापडलेले सर्वांत मोठे कारण हे आहे. तंत्रज्ञानाची अडचण केव्हाच मिटली. मोबाइलवर बोलून मराठी टंकता येते. पहिल्या प्रतिसादाची अडचण मिटलेली नाही.

उंबऱ्याबाहेर फार काळ उभे राहूनही न कंटाळणारे लोक असतात, हेही सांगितले पाहिजे. कोंकणी विकिपीडिया २००६ पासून चाचणीच्या जागेत अडकून होता. देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांत विभागलेली भाषा, कुणी कुठल्या लिपीत लिहायचे याचे जुने वाद. तो स्वतंत्रपणे उघडला २०१५ मध्ये. मधली नऊ वर्षे अधिकृत पाटी नसलेल्या जागी गोवा-कर्नाटकातली मोजकी माणसे लेख रचत राहिली. त्यांच्यात लिपीवरून मतभेद होते, तरी एकमेकांचे लिहिलेले ती वाचत होती.

हे पुस्तक वाचकांच्या हाती पडत असताना एक नवी परिस्थिती आली आहे. माणसे आता प्रश्न माणसांना न विचारता यंत्राला विचारतात. मोदकाची पारी का फुटते, याचे उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन दोन सेकंदांत देते. आणि ते उत्तर बऱ्याच अंशी अशाच समूहांतल्या माणसांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या मजकुरावर पोसलेले असते. प्रोग्रॅमरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या २०२२ च्या अखेरीपासून झपाट्याने उतरली. विकिमीडिया फाउंडेशननेही २०२५ मध्ये सांगितले की विकिपीडियाची पाने माणसांनी प्रत्यक्ष उघडण्याचे प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाले. मजकूर वाचला जातो आहे, पण तो लिहिणाऱ्याला ते कळेनासे झाले आहे. विचारणारी मुलगी संस्थळावर येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी सांगणारीही ती होत नाही. २००५ साली चिनी विकिपीडियाच्या लेखकांचे वाचक एका सरकारी हुकमाने तुटले होते. या वेळी हुकूम कुणीच काढलेला नाही, वाचक आपल्या सोयीने दुसऱ्या वाटेने जातो आहे. लिहिणाऱ्यांचा हात या वेळीही तसाच आखडेल का, हे तपासायला पुरेशा नोंदी अजून जमलेल्या नाहीत. पुढची प्रकरणे लिहिणाऱ्यांपैकी काहींना तो आखडणार नाही असे वाटते. त्यांची कारणे त्यांनी सविस्तर दिली आहेत आणि ती मनापासून वाचावीत अशी आहेत. मला स्वतःला काळजी वाटते, विशेषतः मराठीसारख्या भाषेची, जिथे इतिहासाच्या पानावर दिसणारी नावे आधीच थोडी आहेत.